शेड ए-थ्री

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. बोर्ड नाही.
डॉक्टर लोक प्लास्टरचे जबडे पाठवतात,
मी दात पाठवतो.
माणसं मला भेटत नाहीत. पेन्सिलीनं लिहिलेलं आडनाव,
तारीख, शेड.
चाबुकस्वार, वरची कवळी, ए-टू.
एवढीच ओळख; पण झोपेत ते कुठल्या बाजूचे दात खायचे
हे मला त्यांच्या बायकोइतकं ठाऊक असतं.

साडेआठला मोटर बंद करतो.
त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली
खोक्यातून राक्षस काढतो.
अंगठ्याएवढा. अकरा तुकड्यांत आला होता,
साच्याची शिवण अंगभर मिरवत.
मेणाच्या कोरणीनं ती खरवडली, खांदे जुळवले,
मान दोनदा चुकली.
हेमा म्हणते, दिवसभर दात, आणि रात्री परत सुळे?
मी म्हणतो, याचं बिल काढायचं नसतं.

वासी उत्तरायणाला त्याला गच्चीवर नेला.
प्रायमर मारायला अशी कोरडी, थंड हवा
वर्षात थोडीच मिळते.
काडीवर चिकटवलेला, वीतभर लांबून काळा फवारा,
फिरता हात.
एवढ्यात कुणाचा तरी पेच हरलेला मांजा
कठड्यावरून सरसरत आला
आणि गदेसकट डावा हात घेऊन गेला.
लपेट! ए लपेट! पोरं ओरडत होती.
कुणाच्या फिरकीत गुंडाळला गेला, देव जाणे.

नवा केला. जवळ होतं त्याचाच:
हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक, पावडर आणि द्रव,
घट्ट व्हायच्या आत चार मिनिटं,
चार मिनिटांत पाच बोटं.

त्याच महिन्यात कुमुद घोरपडे, वय एक्क्याऐंशी,
वर-खाली पूर्ण,
तीनदा परत आल्या.
पहिली चिठ्ठी: टोचतं. घासून दिलं.
दुसरी: टोचत नाही, पण.
पुढे काही लिहिलंच नव्हतं.
तिसरी, डॉक्टरांच्या वैतागलेल्या अक्षरात:
पेशंट म्हणतात, माझे वाटत नाहीत.
मी चावा तपासला. उंची तपासली. मापात चूक नव्हती,
आणि मापात चूक नसली की
पुढे काय करायचं ते मला कळत नाही.

रात्री सुळे घेतले रंगवायला.
शुभ्र दिले, तर राक्षस डरकाळी फोडत नव्हता,
टूथपेस्टची जाहिरात करत होता.
मग तपकिरी पातळ केला, बशीत उरलेल्या चहाइतका,
आणि सोडला. त्याला सांगावं लागत नाही,
खड्डा कुठे आहे हे पातळ रंगाला आपोआप समजतं.
मुळाशी पिवळट, टोकाला हाडाचा,
एका सुळ्याला केसभर तडा: तीन शून्यांचा ब्रश,
श्वास धरून.
तेव्हा पहिल्यांदा वाटलं
की यानं कधीतरी कुणालातरी खाल्लेलं आहे.

ब्रश तसाच ठेवून उठलो.
कुमुदबाईंच्या पाकिटात एक फोटो होता,
पहिल्या दिवसापासून होता, मी मापंच तेवढी काढून घेतली होती.
कमाटीबाग, मागे पोरांची आगगाडी,
कुणीतरी काहीतरी वात्रट बोललेलं असणार,
कारण त्या तोंडावर हात न्यायच्या बेतात आहेत
आणि हात पोचायच्या आत दिसतो
पुढचा एक दात, शेजारणीवर किंचित चढलेला.

चढवला.
ए-वन उपटून ए-थ्री बसवले,
मानेशी चहा, दोन फटींत जुन्या विड्याची पुसट आठवण,
डावीकडच्या सुळ्याचं टोक जरा झिजवलं.
डॉक्टरांना विचारलं नाही.
विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

चौथी चिठ्ठी आली नाही.
आमच्या धंद्यात शाबासकी अशीच येते,
न येऊन.

राक्षसाच्या पायाखाली सिंधरोटची वाळू
चिकटवायची अजून राहिली आहे.
डाव्या हाताच्या नखांशी गुलाबी तसाच ठेवलाय.
हेमा म्हणते, पुसून टाक, गजरा विकायला निघाल्यासारखा दिसतो.
बघू.
उद्या चाबुकस्वारांची कवळी द्यायची आहे,
त्यांचा फोटो मागवलाय.